मका, सोयापेंड आणि कोंबडीचं यकृत

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरचं नाव देशभर पोचलं ते १८ फेब्रुवारी २००६ रोजी. त्या दिवशी भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेचा अहवाल जाहीर झाला आणि भारतातला पहिला बर्ड फ्लू नवापूरच्या शेडमध्ये असल्याचं कळलं. सुरुवातीला ही मर मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, समजली गेली होती. प्रत्यक्षात तो एच५एन१ विषाणू होता. लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. पंधरा वर्षांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, नवापूरवर पुन्हा तीच वेळ आली. दोन्ही वेळा इथल्या व्यावसायिकांनी शेड धुतले, निर्जंतुक केले आणि पुन्हा पक्षी भरले.

गुजरातच्या सीमेवर, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर आणि सुरत-धुळे महामार्गावर असलेलं हे गाव अंड्यांच्या धंद्याला सोयीचं आहे. एका बाजूला सुरतची बाजारपेठ, दुसऱ्या बाजूला खानदेशचा मका. साथ आली की अशा गावाकडे सगळ्यांचं लक्ष जातं. साथ नसते तेव्हाही शेडमध्ये रोज काही पक्षी मरतात, काहींची अंडी घटतात, काहींचा तुरा पांढुरका पडतो. त्याची बातमी होत नाही. मेलेली कोंबडी उघडून पाहिली, तर पिवळं ठिसूळ यकृत, सुजलेली मूत्रपिंडं किंवा हृदयावर चुन्यासारखा पांढरा थर दिसतो. विषाणू, बुरशी, उष्णता, पाण्याची टंचाई अशी अनेक कारणं त्यामागे असतात. पण पहिल्यांदा तपासून पाहावं असं कारण खाद्याच्या कुंडीत असतं: अमिनो आम्लांचा बिघडलेला तोल.

पोत्यावरचा आकडा

खाद्याच्या पोत्यावर ‘प्रथिने १६ टक्के’ किंवा ‘१८ टक्के’ असं छापलेलं असतं आणि बहुतेक पोल्ट्रीवाले त्यावरच खाद्याची प्रत ठरवतात. कोंबडीच्या शरीराला मात्र प्रथिन म्हणून प्रथिन उपयोगी पडत नाही. पोटात त्याचे तुकडे होतात आणि शेवटी उरतात ती अमिनो आम्लं. सुमारे २० प्रकारच्या अमिनो आम्लांतून कोंबडी पीस, स्नायू, विकरं, प्रतिपिंडं आणि अंड्यातला बलक घडवते. यातली काही ती स्वतः बनवू शकते. लायसिन, मेथिओनिन, थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन, व्हॅलिन, आर्जिनिन यांसारखी काही खाद्यातूनच मिळावी लागतात.

दारावरचं तोरण ओवताना आंब्याची पानं आणि झेंडूची फुलं ठरावीक क्रमानं घ्यावी लागतात. फुलं संपली की पानांचा ढीग शिल्लक असूनही तोरण तिथंच थांबतं. शरीरातलं प्रथिन असंच तयार होतं. सर्वांत आधी जे अमिनो आम्ल संपतं, त्याला ‘मर्यादा घालणारं’ अमिनो आम्ल म्हणतात. मका आणि सोयापेंडीवर आधारलेल्या खाद्यात पहिला क्रमांक मेथिओनिनचा, दुसरा लायसिनचा आणि तिसरा थ्रिओनिनचा असतो.

हिशेब मांडून पाहू. १०० किलो लेयर खाद्यात ६० किलो मका, २५ किलो सोयापेंड आणि उरलेल्या १५ किलोत शिंपला किंवा चुनखडीची ग्रिट, मीठ, खनिजं, जीवनसत्त्वं असं धरू. मक्यात सुमारे साडेआठ टक्के आणि सोयापेंडीत सुमारे ४५ टक्के प्रथिनं असतात. म्हणजे खाद्यात १६ टक्क्यांहून थोडी जास्त प्रथिनं झाली. कागदावर सगळं ठीक. आता मेथिओनिन मोजू. ६० किलो मक्यातून सुमारे १०८ ग्रॅम आणि २५ किलो सोयापेंडीतून सुमारे १५५ ग्रॅम, मिळून २६३ ग्रॅम. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं १९९४ मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार पांढरी अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाला ३०० मिलिग्रॅम मेथिओनिन लागतं. ती दिवसाला १०० ग्रॅम खाते असं धरलं, तर आपल्या १०० किलो खाद्यात ते ३०० ग्रॅम हवं. वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देणाऱ्या आजच्या संकरित कोंबडीची गरज याहून बरीच जास्त आहे, ४०० ग्रॅमच्या जवळ जाणारी. म्हणजे पोत्यावरचा प्रथिनांचा आकडा खरा असूनही कोंबडी मेथिओनिनला उपाशीच राहते. याच खाद्यात लायसिन मात्र साडेआठशे ग्रॅमच्या आसपास आहे आणि त्याच शिफारशीतली गरज ६९० ग्रॅमची.

ही तूट सोयापेंड वाढवून भरायची म्हटलं तर काय होईल? मक्याच्या जागी एक किलो पेंड घातली की मेथिओनिन जेमतेम साडेचार ग्रॅमनं वाढतं. १०० ग्रॅमची तूट भरायला २३ किलोच्या आसपास मका काढून तितकीच पेंड घालावी लागेल आणि खाद्यातली प्रथिनं २५ टक्क्यांच्या घरात जातील. खर्च तर वाढेलच, शिवाय नको असलेल्या अमिनो आम्लांचा सगळा बोजा कोंबडीच्या यकृतावर आणि मूत्रपिंडावर पडेल. म्हणून पोल्ट्रीवाले क्विंटलमागे १०० ते १५० ग्रॅम कृत्रिम डीएल-मेथिओनिन मिसळतात. चमचाभर पांढऱ्या भुकटीसारखी दिसणारी ही वस्तू काय राखते, ते अवयवांकडे पाहिलं की समजतं.

यकृत: बलकाचा कारखाना

कोंबडीच्या शरीरातली जवळजवळ सगळी चरबी यकृतात तयार होते. बलकातल्या पाच-सहा ग्रॅम चरबीचा पुरवठाही यकृतातूनच होतो आणि बलकातल्या प्रथिनांचा कच्चा मालही तिथंच घडतो. रोज एक अंडं द्यायचं म्हणजे रोज एवढा माल यकृतातून रक्तात आणि रक्तातून अंडाशयात पोचायला हवा.

चरबी पाण्यात विरघळत नाही. ती रक्तातून न्यायची तर तिच्याभोवती प्रथिन आणि फॉस्फोलिपिडचं आवरण लागतं. हे आवरण करायला कोलीन लागतं आणि शरीराला स्वतः कोलीन बनवायचं असेल तर त्यासाठी मेथिओनिन मिथाइल गट पुरवतं. मेथिओनिन किंवा कोलीन कमी पडलं की यकृत चरबी तयार करत राहतं, पण ती बाहेर पाठवणं अडतं. चरबी पेशींतच साचते. यकृत फिकट, पिवळं आणि लोण्यासारखं मऊ होतं. अशा यकृताच्या नाजूक रक्तवाहिन्या अंडं देताना पडणाऱ्या ताणानंही फुटू शकतात. मग चांगल्या वजनाची, भरात असलेली कोंबडी पिंजऱ्यात अचानक मेलेली सापडते. तुरा पांढरा पडलेला, पोटात रक्ताची मोठी गाठ आणि कित्येकदा अंडनलिकेत तयार अंडं.

लेयर कोंबड्यांतल्या या यकृतविकाराचं वर्णन अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये काउच यांनी १९५६ मध्ये केलं. पिंजऱ्यातली हालचाल नसलेली कोंबडी, मक्यातून मिळणारी भरपूर ऊर्जा आणि त्या मानानं तोकडी अमिनो आम्लं, हे तिन्ही एकत्र आले की धोका सर्वांत जास्त. अशा वेळी नुसता मका कमी करून भागत नाही. ऊर्जेला साजेशी अमिनो आम्लं आणि कोलीन मिळतंय ना, हे पाहावं लागतं.

नंदुरबारचा उन्हाळा ही गोष्ट आणखी अवघड करतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर गेला की कोंबडी खाणं कमी करते. ११० ग्रॅम खाणारी ९० ग्रॅमवर आली की मेथिओनिन आणि लायसिनही त्याच प्रमाणात घटतं. अंडी आणखी काही दिवस येत राहतात, कारण कोंबडी आपल्या स्नायूंतून आणि यकृतातून उसनवारी करते. यावर प्रथिनांची टक्केवारी चढवणं हा उपाय चुकीचा आहे. जादा प्रथिन पचवताना आणि त्यातला नायट्रोजन बाहेर टाकताना शरीरात जादा उष्णता तयार होते. उन्हाळ्यात एकूण प्रथिनं फारशी न वाढवता प्रत्येक किलो खाद्यातलं मेथिओनिन आणि लायसिन वाढवणं हा शास्त्रीय मार्ग आहे.

बुरशीचा मका आणि तेच यकृत

यकृताचा दुसरा शत्रू मक्याबरोबरच शेडमध्ये शिरतो. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पिल्लं दगावली. ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत अस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढली होती. तिनं तयार केलेल्या विषाला पुढं अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळालं.

या विषाची सर्वांत दुःखद नोंद नंदुरबारपासून फार लांब नाही. १९७४ च्या पावसाळ्याच्या अखेरीस गुजरातमधल्या पंचमहाल आणि राजस्थानातल्या बांसवाडा जिल्ह्यांत, भिल्ल वस्त्यांमध्ये काविळीची साथ आली. तपासणीत नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ जण दगावले. गावातली कुत्रीही मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शोध घेतला तेव्हा अवेळी पावसात भिजलेला बुरशीचा मका हे कारण पुढं आलं. सातपुड्याच्या पायथ्याशी असाच मका पिकतो, काढणीच्या वेळी असाच पाऊस गाठतो आणि तोच मका माणसाच्या भाकरीत आणि कोंबडीच्या खाद्यात जातो.

अफ्लाटॉक्सिन यकृतात गेलं की यकृत त्याला ग्लुटाथायोन नावाच्या रेणूशी जोडून निरुपद्रवी करू पाहतं. ग्लुटाथायोन तीन अमिनो आम्लांपासून बनतं: ग्लुटामिक आम्ल, सिस्टीन आणि ग्लायसिन. यातलं सिस्टीन शरीर मेथिओनिनपासून तयार करतं. खाद्यात विष वाढलं की मेथिओनिन विषाशी लढण्यात खर्च होतं आणि अंड्यासाठी, पिसांसाठी, चरबीच्या वाहतुकीसाठी कमी उरतं. मेथिओनिन वाढवल्यानं विषाचा काही भार हलका होतो. पण ते विषावरचा उतारा नाही. मक्यातला ओलावा १३ टक्क्यांच्या आसपास आणल्याशिवाय तो साठवायचा नाही, काळी पडलेली कणसं वेगळी काढायची आणि बुरशीचा मका कोंबडीला घालायचा नाही, हाच खरा उपाय आहे.

मूत्रपिंड: जादा प्रथिनांची किंमत

माणूस नायट्रोजन युरियाच्या रूपानं, भरपूर पाण्याबरोबर बाहेर टाकतो. कोंबडी तो युरिक आम्लाच्या रूपानं टाकते. विष्ठेवरचा पांढरा भाग तो हाच. अंड्याच्या कवचात बंद असलेल्या भ्रूणाला पाण्यात न विरघळणारं हे रसायन सोयीचं असतं, म्हणून पक्ष्यांनी ही वाट धरली. पण त्यासाठी मोल द्यावं लागतं. युरिक आम्लाचा प्रत्येक रेणू घडवताना ग्लायसिनचा एक रेणू खर्च होतो. अंगाला न लागलेलं प्रत्येक जादा अमिनो आम्ल मोडताना यकृताला काम पडतं आणि मूत्रपिंडाला ते बाहेर काढावं लागतं.

मूत्रपिंड निरोगी असेल आणि पाणी मुबलक असेल तर हे काम निभावतं. पाण्याची नळी चोंदली, उन्हात टाकीतलं पाणी तापल्यानं कोंबड्या पाणी प्यायच्या थांबल्या, खाद्यात ऑक्राटॉक्सिन हे बुरशीचं विष असलं किंवा मूत्रपिंडावर हल्ला करणारा विषाणू आला, तर युरिक आम्ल रक्तात साचतं. मग ते पांढऱ्या भुकटीच्या रूपात हृदयाच्या आवरणावर, यकृतावर आणि मूत्रपिंडावर जमतं. यालाच अंतर्गत गाउट म्हणतात. गाउट दिसला की प्रथिनांना एकट्याला दोषी धरणं बरोबर नाही, पण आजारी मूत्रपिंडावर जादा प्रथिनांचं ओझं टाकणंही बरोबर नाही.

आणखी एक चूक इथं नेहमी घडते. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं, तर वाढत्या तलंगीला एक टक्का पुरतो. अंडी सुरू होण्याच्या कितीतरी आधी तलंगींना लेयर खाद्य चालू केलं तर जादा कॅल्शियम मूत्रपिंडाला इजा करतं आणि मूत्रवाहिनीत खडे तयार होतात. ते नुकसान पुढं कोणत्याही खाद्यानं भरून येत नाही.

युरिया ज्या चक्रातून तयार होतो, ते कोंबडीत अपुरं असतं. त्याचा दुसरा परिणाम आर्जिनिनवर होतो. आपलं शरीर त्या चक्रातून आर्जिनिन तयार करू शकतं. कोंबडीला ते जमत नाही, ते सगळं खाद्यातूनच हवं. आर्जिनिनपासून शरीर नायट्रिक ऑक्साइड बनवतं. तो रक्तवाहिन्या सैल करतो आणि जंतू खाणाऱ्या पेशींचं हत्यारही आहे. झपाट्यानं वाढणाऱ्या ब्रॉयलरच्या फुप्फुसातला रक्तदाब वाढून पोटात पाणी भरतं, त्या विकाराशी याचा संबंध आहे. थंडीत शरीराची प्राणवायूची गरज वाढते, म्हणून डाब-तोरणमाळच्या कडाक्याच्या थंडीत ब्रॉयलर वाढवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. शिवाय लायसिन फार जास्त झालं की मूत्रपिंडातलं आर्जिनेज हे विकर जोर धरतं आणि आर्जिनिन मोडून टाकतं. म्हणून लायसिन स्वस्त मिळालं की ओतलं, असं करून चालत नाही.

मेथिओनिनचंही तेच आहे. सगळ्या अमिनो आम्लांत अतिरेक झाल्यावर सर्वांत जास्त अपाय करणारं हेच. जादा मेथिओनिनमुळे होमोसिस्टीन साचतं, भूक मंदावते, वाढ खुंटते. तराजू न वापरता ओंजळीनं भुकटी टाकणं म्हणजे औषधाचं विष करणं.

मूत्रपिंडातून सुटलेलं जादा युरिक आम्ल शेडमध्येही त्रास देतं. लिटरमधले, म्हणजे खाली पसरलेल्या भुशातले, जीवाणू त्याचा अमोनिया करतात. डोळे चुरचुरतात, श्वासनलिकेच्या आतलं केसाळ अस्तर झडतं आणि जंतूंना वाट मोकळी होते. प्रथिनांचा अतिरेक असा आतून मूत्रपिंडाला आणि बाहेरून फुप्फुसाला सोसावा लागतो.

स्वादुपिंड आणि आतडं

सोयाबीन शेतातच पिकतं, मग तेच भरडून कोंबड्यांना का घालू नये, असा विचार शेतकऱ्याच्या मनात येणं साहजिक आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारी प्रथिनं असतात. पचन अडलं की स्वादुपिंड आणखी विकरं सोडतं आणि या मेहनतीत स्वतः फुगतं. ही विकरं गंधकयुक्त अमिनो आम्लांनी भरलेली असतात आणि तीच विष्ठेवाटे वाया जातात. सोयाबीनमध्ये आधीच कमी असलेलं मेथिओनिन असं आणखी कमी होतं. सोयाबीन शिजवलं की पोषणमूल्य सुधारतं, हे ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी १९१७ मध्येच दाखवलं होतं. पण भाजणंही मापातच हवं. करपलेल्या सोयातलं लायसिन साखरेशी बांधलं जातं आणि पक्ष्याला मिळत नाही. म्हणून चांगल्या खाद्यसूत्रात नुसतं लायसिन न लिहिता ‘पचनीय लायसिन’ लिहितात.

थ्रिओनिनचं मुख्य काम आतड्यात दिसतं. आतड्याच्या आतल्या बाजूला बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो आणि त्यातलं प्रथिन थ्रिओनिननं समृद्ध असतं. ते कमी पडलं की थर विरळ होतो आणि कॉक्सिडिया, क्लॉस्ट्रिडियम यांसारख्या रोगजंतूंना आतड्याची भिंत गाठणं सोपं जातं.

बर्सा: रोगांशी लढण्याची शाळा

कोंबडीच्या गुदद्वाराजवळ बर्सा नावाची एक छोटी पिशवी असते. सोळाव्या शतकातल्या इटालियन शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांच्या नावानं ती ओळखली जाते. तिचं काम मात्र १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक यांच्या प्रयोगांतून समजलं. बर्सा काढलेल्या पिल्लांच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होईनात. प्रतिपिंडं तयार करणाऱ्या पेशींचा स्वतंत्र वर्ग असतो, हे ज्ञान याच शोधातून पुढं आलं.

बर्सा, थायमस आणि प्लीहा पिल्लाच्या पहिल्या आठवड्यांत झपाट्यानं वाढतात आणि या वाढीला मेथिओनिन, लायसिन, थ्रिओनिन, आर्जिनिन सगळंच लागतं. म्हणूनच त्याच १९९४ च्या शिफारशीत ब्रॉयलर पिल्लाला पहिल्या तीन आठवड्यांत २३ टक्के प्रथिनं, १.१ टक्के लायसिन आणि ०.५ टक्के मेथिओनिन सांगितलं आहे. या वयात खाद्यात काटकसर केली की बर्सा लहान राहते आणि लसीला मिळणारा प्रतिसाद मंद होतो.

एक गोष्ट इथं स्पष्ट सांगायला हवी. कोणतंही अमिनो आम्ल एच५एन१ ला रोखत नाही. बर्ड फ्लूपासून वाचवते ती जैवसुरक्षा: शेडभोवतीचं कुंपण, जंगली पक्ष्यांपासून अंतर, वाहनांची फवारणी, संशय येताच पशुसंवर्धन विभागाला कळवणं. चांगलं खाद्य हे या शिस्तीच्या जागी येत नाही. रोजच्या लहान-मोठ्या आजारांत ते पक्ष्याला टिकवतं, लसीचं सार्थक करतं.

परसातली कोंबडी

धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरची देशी कोंबडी सकाळी डालग्यातून सुटली की दिवसभर उकिरडा उकरते. किडे, गांडुळं, वाळवी, कोवळा पाला, सांडलेले दाणे असं मिळेल ते खाते. किडे आणि वाळवी यांतून तिला मक्यात कमी असलेलं लायसिन आणि मेथिओनिन मिळतं. मोकळ्या कोंबडीत चरबीचं यकृत क्वचितच दिसतं, कारण ती हिंडते आणि अंडीही कमी देते.

अडचण सुरू होते ती वनराजा, गिरिराजा यांसारख्या सुधारित जाती परसात आल्यावर. त्यांची वाढ आणि अंडी जास्त, म्हणून गरजही जास्त. अशा पिल्लांना पहिले पाच-सहा आठवडे निव्वळ मक्याच्या कण्या घालून बंद खुराड्यात ठेवलं, तर ती खुरटतात, पिसं विरळ येतात, पहिल्याच तापात जातात. या काळात तयार पिल्लूखाद्य द्यावं आणि नंतर मोकळं सोडावं. उन्हाळ्यात किडे-पाला आटतो, तेव्हा मक्यासोबत थोडी सोयापेंड किंवा भाजलेलं सोयाबीन घालावं.

खाद्याची वही आणि अवयवांची वही

भारतीय मानक ब्युरोच्या कोंबडीखाद्याच्या मानकात, आयएस १३७४ मध्ये, प्रथिनांबरोबर लायसिन आणि मेथिओनिनचीही किमान मात्रा दिलेली आहे. पोल्ट्रीवाल्यानं खाद्य घेताना हे आकडे विचारावेत, स्वतः खाद्य बनवत असेल तर सूत्रात लिहावेत आणि नवा मका आला की ओलावा तपासावा.

याहून महत्त्वाची एक सवय लावून घ्यावी. बहुतेक शेडवर खाद्याची, अंड्यांची आणि मरीची नोंद असते. तिच्या शेजारी आणखी एक रकाना हवा: मेलेल्या पक्ष्याचं यकृत कोणत्या रंगाचं होतं, मूत्रपिंडं सुजलेली होती का, हृदयावर पांढरा थर होता का, पिल्लाची बर्सा केवढी होती. पक्षी उघडण्याचं काम पशुवैद्यकाकडून करून घ्यावं. साथीचा संशय असेल तर पक्ष्याला हातही न लावता विभागाला कळवावं. एरवी नवा मका कधी आला, पेंडीचं प्रमाण कधी बदललं, मेथिओनिन कधी वाढवलं, या तारखा या रकान्याशी ताडून पाहिल्या की कारण आणि परिणाम समोरासमोर येतात. खाद्याचा दर किलोमागे किती रुपयांनी उतरला, एवढ्यावरून खाद्य स्वस्त ठरत नाही. ते खाऊन वर्षभर अंडी देणाऱ्या कोंबडीचं यकृत आणि मूत्रपिंड शाबूत राहिलं, तरच ते स्वस्त.